बेरिलियम इतका गुणी, तर सगळीकडे का नाही?

"बेरिलियम ॲल्युमिनियमपेक्षा हलका आणि पोलादापेक्षा ताठ असतो असे वाचले. मग गाड्या आणि विमाने त्याचीच का बनवत नाहीत? तो सापडला कसा, वापरतात कुठे, आणि विषारी आहे म्हणतात ते कितपत खरे?" असा प्रश्न अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने विचारला आहे. माझी नोकरीची बहुतेक वर्षे तांब्याच्या मिश्रधातूंत, त्यातही बेरिलियम कॉपरच्या, म्हणजे थोडे बेरिलियम मिसळलेल्या तांब्याच्या, कामात गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. विषारीपणाबद्दल जे पुढे लिहिले आहे ते मात्र टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या कार्यशाळेत, काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे, बाकीचे सोडले तरी चालेल.

आधी आकडे. बेरिलियमची घनता दर घनसेंटिमीटरला १.८५ ग्रॅम. ॲल्युमिनियमची २.७ आणि पोलादाची ७.८५ च्या आसपास. ताठरपणा, म्हणजे यंग गुणांक, बेरिलियमचा सुमारे २९० गिगापास्कल, पोलादाचा २०० ते २१०, ॲल्युमिनियमचा ७०. म्हणजे वजनाच्या हिशेबात ताठरपणा पाहिला तर बेरिलियम या दोघांच्याही सहा पट आहे. गंमत अशी की पोलाद आणि ॲल्युमिनियम या हिशेबात जवळजवळ सारखेच भरतात. एक जड आणि ताठ, दुसरा हलका आणि लवचीक. बेरिलियम हलका असून ताठ आहे, म्हणून त्यातून ध्वनी सेकंदाला जवळजवळ १३ किलोमीटर वेगाने जातो; पोलादात हा वेग ५ ते ६ किलोमीटर असतो. महागड्या स्पीकरमध्ये ट्वीटरचा, म्हणजे उंच स्वर काढणाऱ्या छोट्या स्पीकरचा, पडदा बेरिलियमचा करतात तो याच गुणासाठी. तो वितळतो १२८७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट तापमानाला. शिवाय एक ग्रॅम बेरिलियम एक अंशाने तापवायला १.८२ जूल उष्णता लागते. रचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही धातूला इतकी लागत नाही. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड 'फ्रीडम ७' कुपीतून अंतराळाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आला, तेव्हा कुपीच्या बुडाशी उष्णता पिऊन घेण्यासाठी बेरिलियमचीच जाड तबकडी होती.

आता दुसरी बाजू. बेरिलियम सामान्य तापमानाला ठिसूळ असतो. त्याचे स्फटिक षट्कोनी रचनेचे असतात आणि त्यात थर एकमेकांवरून घसरायला मोजक्याच वाटा असतात. ओढले तर साधारण २-३ टक्के लांबतो आणि तुटतो. ओतीव बेरिलियमचे कण मोठे आणि आणखी ठिसूळ निघतात, म्हणून तो थेट ओतून वापरत नाहीत. निर्वातात वितळवायचा, ओतलेल्या ठोकळ्याची भुकटी करायची, आणि ती भुकटी निर्वातात तापवून दाबून घट्ट ठोकळा बनवायचा. मग त्या ठोकळ्यातून कोरून काढायचे. कोरतानाही कटरच्या माराने पृष्ठभागाखाली सूक्ष्म तडे जातात, म्हणून शेवटी आम्लाने तो दुखावलेला थर उतरवावा लागतो. हे सगळे बंदिस्त यंत्रांत, हवा सतत खेचून गाळत करायचे. किंमत ॲल्युमिनियमच्या शेकडो पट का, हे यावरून लक्षात येईल.

आणि मुळात तो आहेच किती? पृथ्वीच्या कवचात दर दहा लाख भागांत दोन-तीन भाग. याचे कारण थेट ताऱ्यांपर्यंत जाते. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड ताऱ्यांच्या पोटात तयार होतात, पण बेरिलियम तिथे टिकत नाही, जळून जातो. हीलियमची दोन केंद्रके जोडून जो बेरिलियम-८ होतो तो क्षणाच्याही अतिसूक्ष्म भागात पुन्हा फुटतो. आपल्याकडचा स्थिर समस्थानिक एकच, बेरिलियम-९, आणि तो बहुतांशी विश्वकिरणांनी अवकाशातल्या कार्बन आणि ऑक्सिजनच्या केंद्रकांचे तुकडे पाडल्यामुळे बनला आहे. जगाचे वार्षिक उत्पादन काहीशे टन एवढेच. आपल्या देशात वर्षाला ४० लाखांहून अधिक प्रवासी गाड्या बनतात. प्रत्येकीत एक किलो घालायचा म्हटला तरी ४,००० टन लागतील. गाड्यांच्या प्रश्नाचा निकाल इथेच लागतो. शर्यतीच्या गाड्यांत मात्र तो येऊन गेला आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी मॅक्लारेन-मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन इंजिनांत ॲल्युमिनियम-बेरिलियम मिश्रधातूचे भाग होते. पुढे नियमांतच सामग्रीच्या वजनसापेक्ष ताठरपणावर मर्यादा घातली गेली आणि तो बाहेर पडला.

शोधाची गोष्ट पाचूपासून सुरू होते. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये रने-झ्युस्त आयुई हे खनिजशास्त्रज्ञ स्फटिकांचे कोन मोजत होते. त्यांना पाचू आणि बेरिल या दोन खनिजांचे कोन सारखेच दिसले. दोन्ही एकच तर नाहीत ना, हे रासायनिक पृथक्करणाने पाहावे म्हणून त्यांनी रसायनशास्त्रज्ञ लुई-निकोला व्होक्लाँ यांना गळ घातली. याआधी बेरिल तपासणाऱ्यांना, त्यात क्लाप्रोटसारखे नामवंतही होते, त्यात फक्त ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) आणि सिलिका दिसले होते. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. बेरिलियमचे हायड्रॉक्साइड ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडसारखेच पांढरे, चिकट, आणि जास्त अल्कली घातली की तसेच विरघळणारे. व्होक्लाँ यांनी ते द्रावण उकळले आणि त्यातला काही भाग पुन्हा खाली बसला. ॲल्युमिना तसा बसत नाही. हा साका अमोनियम कार्बोनेटमध्ये विरघळला, त्याच्यापासून तुरटी बनेना, आणि त्याचे क्षार चवीला गोड लागले. फेब्रुवारी १७९८ मध्ये त्यांनी ही नवी 'माती' (धातूच्या ऑक्साइडला तेव्हा असे म्हणत) जाहीर केली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी क्रोमियम शोधले होते, आणि पाचूचा हिरवा रंग त्या क्रोमियमचाच आहे हेही त्यांनीच दाखवले. बेरिलमध्ये लोह असले की निळसर ॲक्वामरीन, मँगेनीज असले की गुलाबी मॉर्गनाइट. खनिज तेच.

गोडीवरून फ्रान्समध्ये त्याला ग्लुसिनियम म्हणत. पण इतर काही मूलद्रव्यांचे क्षारही गोड असतात, म्हणून जर्मनांना बेरिलियम बरे वाटले आणि १९४९ मध्ये तेच आंतरराष्ट्रीय नाव ठरले. त्या काळी रसायन चाखून पाहणे ही तपासणीची रीतच होती. आज बेरिलियमचा कोणताही क्षार जिभेजवळ नेऊ नये.

धातू हाती यायला तीस वर्षे लागली. १८२८ मध्ये जर्मनीत फ्रीडरिक व्होलर आणि फ्रान्समध्ये आंत्वान ब्युसी यांनी एकमेकांच्या नकळत बेरिलियम क्लोराइडवर पोटॅशियमची क्रिया करून राखाडी भुकटी मिळवली. व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया बनवल्याचे जाहीर केले तेही याच वर्षी. पुरेसा शुद्ध धातू १८९८ मध्ये पॉल लबो यांनी वितळलेल्या फ्लोराइडांचे विद्युत अपघटन करून काढला.

मधल्या काळातला एक वाद मला विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडतो. बेरिलियमची संयुजा, म्हणजे त्याचा एक अणू किती बंध जोडतो तो आकडा, दोन की तीन? एका संयुजेमागे वजन साडेचार भरत होते. संयुजा तीन मानली तर अणुभार साडेतेराच्या घरात जातो, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनच्या मध्ये, जिथे मेंडेलीव्हच्या कोष्टकात जागाच नाही. दोन मानली तर ९ येतो आणि मॅग्नेशियमच्या डोक्यावर नेमका बसतो. मेंडेलीव्ह दोनवर ठाम होते. स्वीडनचे निल्सन आणि पेटरसन यांनी धातूची विशिष्ट उष्णता मोजली, द्यूलाँ-पेटीच्या नियमात (घन मूलद्रव्याचा एक मोल एक अंशाने तापवायला जवळजवळ सारखीच उष्णता लागते) घातली, आणि उत्तर १३-१४ च्या आसपास आले. मोजणी अगदी बरोबर होती. नियमच इथे लागू पडत नव्हता. हलके अणू आणि त्यांना जखडून ठेवणारे ताठ बंध, त्यामुळे सामान्य तापमानाला बेरिलियमच्या अणूंची सगळी कंपने जागी झालेलीच नसतात. नियमाप्रमाणे दर मोलला २५ जूल यायला हवेत, तिथे येतात साडेसोळाही नाहीत. म्हणजे जो ताठरपणा आज दुर्बिणीत कामाला येतो, त्यानेच या दोघांना चकवले. १८८४ मध्ये त्यांनीच बेरिलियम क्लोराइडच्या वाफेची घनता मोजली, संयुजा दोनच निघाली, आणि स्वतःच्या मोजणीवर विश्वास ठेवून त्यांनी स्वतःचे जुने मत सोडले.

पुढचे मोठे वळण १९३२ चे. पोलोनियममधून निघणारे अल्फा कण बेरिलियमवर आदळले की काहीतरी भेदक बाहेर पडते, हे जर्मनीत बोथे आणि बेकर यांनी १९३० मध्ये पाहिले होते. केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक यांनी ते 'काहीतरी' मेणावर सोडले, मेणातून उडालेले प्रोटॉन मोजले, आणि हा प्रोटॉनएवढ्या वजनाचा, विद्युतभार नसलेला कण आहे असे दाखवले. न्यूट्रॉन बेरिलियममधून सापडला यात योगायोग कमी आहे. बेरिलियम-९ मधला शेवटचा न्यूट्रॉन फार सैल बांधलेला असतो. अल्फा कण आत शिरला की कार्बन-१२ बनतो आणि न्यूट्रॉन बाहेर पडतो. आणि स्वतः बेरिलियम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, उलट हलक्या केंद्रकामुळे त्यांना चांगला परतवतो. म्हणून अणुभट्टीच्या गाभ्याभोवती त्याची किंवा त्याच्या ऑक्साइडची भिंत घालतात. कल्पाक्कमची युरेनियम-२३३ वर चालणारी 'कामिनी' अणुभट्टी आणि तुर्भ्याला (ट्रॉम्बे) २०१८ मध्ये सुरू झालेली नवी 'अप्सरा-यू', दोन्हींत परावर्तक बेरिलियम ऑक्साइडचा आहे. नवी मुंबईत वाशीला भाभा अणुसंशोधन केंद्राचा बेरिलियमचा प्रकल्पही आहे. रोज लोकलने तिथून जाणाऱ्या कितीतरी जणांना याची कल्पना नसते, याची मला खंत वाटते.

आपल्याकडे बेरिल मिळते ते मुख्यतः अभ्रकाच्या पट्ट्यांत: राजस्थान, झारखंड-बिहार, आंध्रातला नेल्लोर. अनेक दशके ते अणुखनिज म्हणून सरकारी अखत्यारीत होते. २०२३ च्या खाणकायद्यातील दुरुस्तीने ते त्या यादीतून निघून 'क्रिटिकल' खनिजांत गेले आणि खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. जगाचा सर्वांत मोठा पुरवठा मात्र बेरिलमधून होतच नाही. तो अमेरिकेतील युटामधल्या स्पोर माउंटनच्या बर्ट्रांडाइट या दुसऱ्या खनिजातून होतो. त्या दगडात बेरिलियम अर्धा टक्काही नसतो, पण आम्लात तो सहज विरघळतो. बेरिलला आधी भट्टीत वितळवावे लागते.

क्ष-किरणांबद्दल थोडक्यात. अणुक्रमांक ४, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन चारच, त्यामुळे क्ष-किरण त्यातून जवळजवळ विनाअडथळा जातात, आणि तरी तो निर्वात धरून ठेवण्याइतका बळकट आहे. क्ष-किरण नळ्यांच्या, विशेषतः मॅमोग्राफीच्या, खिडक्या बेरिलियमच्या असतात. सराफाकडे सोन्याचा कस काढणारे यंत्र असते, त्यातल्या बहुतेक संवेदकांवरही त्याचा केसाहून पातळ पडदा असतो. तो साफ करायला कापूस घेऊन जाऊ नका, फाटला तर संवेदक गेला. जिनिव्हाजवळच्या मोठ्या कण-त्वरकात जिथे प्रोटॉन आदळतात तिथली मधली नळी बेरिलियमची आहे, कारण तिथून उडणाऱ्या कणांच्या वाटेत कमीत कमी पदार्थ यायला हवा.

जेम्स वेब दुर्बीण हे बेरिलियमचे आजवरचे सर्वांत देखणे काम, असे माझे मत आहे. २५ डिसेंबर २०२१ ला ती उडाली. साडेसहा मीटर व्यासाचा आरसा, त्याचे १८ षट्कोनी तुकडे, सगळे बेरिलियमचे, वर सोन्याचा अतिपातळ थर. प्रत्येक तुकड्याचा ठोकळा सुरुवातीला सुमारे २५० किलोचा होता. मागून जाळीसारखा कोरत कोरत तो २१ किलोवर आणला. काच का नाही? ही दुर्बीण उणे २२० अंशांच्याही खाली काम करते. त्या थंडीत बेरिलियमचे आकुंचन जवळपास थांबलेले असते, थोडे तापमान हलले तरी आरशाचा आकार बदलत नाही. पण खोलीच्या तापमानावरून तिथवर जाताना तो बदलतो. म्हणून तुकडे अतिशीत कक्षात नेऊन मोजले, परत आणून हिशेबाने 'चुकीचे' घासले, जेणेकरून थंडीत ते बरोबर होतील.

सगळीकडे तो जिंकतोच असे नाही. ब्रिटनमधल्या 'जेट' या संलयन यंत्राच्या (हलकी केंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याच्या प्रयोगाच्या) आतल्या भिंतीला २०११ पासून बेरिलियम होते आणि फ्रान्समधल्या 'ईटर'लाही तेच लावायचे ठरले होते, पण २०२३ मध्ये तिथे टंगस्टन वापरण्याचा निर्णय जाहीर झाला.

आता माझ्या रोजच्या कामाचा भाग, बेरिलियम कॉपर. तांब्यात वजनाने १.८ ते २ टक्के बेरिलियम. ऐकायला किरकोळ वाटते, पण बेरिलियमचा अणू इतका हलका की अणू मोजले तर साधारण आठात एक बेरिलियमचा असतो. हा मिश्रधातू ७९० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवला की मऊ राहतो, हवा तसा वाकवा, दाबा. मग ३१५-३२० अंशांना दोन-तीन तास ठेवायचा. पोलाद विझवून कडक होते, इथे उलट, विझवल्यावर मऊ आणि नंतरच्या मंद तापाने कडक. या तापाने अडकून पडलेले बेरिलियमचे अणू तांब्याच्या जाळीत बारीक बारीक पुंजके करतात आणि थरांचे घसरणे रोखतात. ताणबल १२०० मेगापास्कलच्या वर जाते, आधी थंड लाटला असेल तर १४०० पर्यंत, कडकपणा रॉकवेल सी या मापावर ४० च्या आसपास. तांब्याच्या कोणत्याही नेहमीच्या मिश्रधातूला हे जमत नाही. भट्टीचे तापमान मात्र नीट सांभाळा. ते जास्त झाले किंवा वेळ लांबला की पुंजके फुगतात आणि कडकपणा उतरतो, मग सगळे पुन्हा पहिल्यापासून.

कनेक्टर आणि रिलेच्या स्प्रिंगा याच्या करतात, कारण लाखो वेळा दाबूनही त्या थकत नाहीत आणि वीजही नेतात. गॅस भरण्याच्या केंद्रांत आणि रिफायनऱ्यांत पाने-हातोडे याचे असतात, कारण आपटल्यावर गॅस पेटवणारी ठिणगी पडत नाही. प्लास्टिकच्या मोल्डमध्ये जो कोपरा लवकर थंड होत नाही तिथे याचा इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसवायचा वेगळा तुकडा, बसवतात. टूल स्टीलच्या तीन-चार पट वेगाने तो उष्णता खेचतो आणि सायकल टाइम, म्हणजे एक नग बनायला लागणारा वेळ, कमी होतो. पुणे-पिंपरीच्या टूलरूममध्ये बेरिलियमशी गाठ पडते ती इथे.

विषारीपणाचा प्रश्न म्हणूनच आपल्या दाराशी आहे. घट्ट, चकचकीत तुकडा हातात धरल्याने काही होत नाही. बोटातला पाचूही निर्धोक, त्यातला बेरिलियम सिलिकेटमध्ये पक्का बांधलेला आहे. घातक आहे ती धूळ, धूर आणि वाफ. अतिशय बारीक कण फुप्फुसात खोल गेले की काही माणसांच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध पेटून उठते, गाठी तयार होतात, फुप्फुस कडक होत जाते. सगळ्यांना होत नाही, विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांना धोका बराच जास्त. पण कोणाला होईल हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते. आणि लक्षणे काही महिन्यांनी येतात किंवा दोन-तीन दशकांनीही. दम लागणे, कोरडा खोकला, वजन उतरणे. पूर्ण बरा करणारा उपाय नाही, स्टेरॉइडने आवर बसतो. कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटातही, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांतही, त्याची नोंद आहे.

हे ज्ञान कामगारांच्या फुप्फुसांच्या बदल्यात मिळाले. १९४० च्या दशकात ट्यूबलाइटच्या आतल्या पांढऱ्या लेपात बेरिलियम असे. अमेरिकेत सेलम गावच्या दिव्यांच्या कारखान्यातल्या तरुण मुली दम लागून आजारी पडू लागल्या. डॉ. हॅरिएट हार्डी यांनी चिकाटीने धागा जुळवला आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये तो लेप बंद झाला. ओहायोत लोरेनच्या कारखान्याशेजारी राहणारे, कारखान्यात कधी पाऊल न टाकलेले लोकही आजारी पडले. नवऱ्याचे कामाचे कपडे घरी धुणाऱ्या बायकाही त्यात होत्या. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्याबरोबर पहिली अणुभट्टी उभारणारे हर्बर्ट अँडरसन १९८८ मध्ये याच आजाराने गेले. अमेरिकेत हवेतली मर्यादा १९४९ मध्ये घनमीटरला २ मायक्रोग्रॅम ठरली, २०१७ मध्ये ती दहापट कडक करून ०.२ केली. इतकी धूळ डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे 'धूळ कुठे दिसतेय?' या बोलण्याला काही अर्थ नाही.

म्हणून बेरिलियम कॉपरचे काम करणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे. कूलंट भरपूर सोडून केलेल्या टर्निंग-मिलिंगमध्ये धोका कमी. कोरडे ग्राइंडिंग, पॉलिशिंग, वेल्डिंग आणि वितळवणे हे सर्वांत वाईट, तिथे धूळ-धूर उगमापाशीच खेचणारी आणि बारीक फिल्टरची व्यवस्था हवी. साधा कापडी मास्क चालत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने यंत्र किंवा अंग झटकू नका, कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे घरी नेऊ नका. आणि रेंगाळलेल्या खोकल्यासाठी डॉक्टरकडे गेलात तर आपण काय घासतो हे आपणहून सांगा. एक्स-रेमध्ये हा आजार सार्कॉइडोसिस (फुप्फुसात अशाच गाठी होणारा दुसरा आजार) किंवा क्षयासारखा दिसू शकतो, आणि आपल्याकडे आधी क्षयच आठवतो. बेरिलियमसाठी रक्ताची खास चाचणी असते, पण ती करून घ्यावी हे डॉक्टरला सुचायला कामाचा इतिहास माहीत हवा.

शेवटी भंगाराबद्दल. बेरिलियम कॉपर दिसायला तांबे-पितळेसारखाच असतो आणि त्यांच्याच ढिगात भट्टीवर जातो. भंगारवाल्यांकडची हातात धरायची क्ष-किरण बंदूक त्याला ओळखत नाही. बेरिलियमचे स्वतःचे क्ष-किरण इतके दुबळे असतात की ते संवेदकापर्यंत पोहोचतच नाहीत, यंत्रावर फक्त 'तांबे' उमटते. लेझरने किंवा ठिणगीने तपासणारा स्पेक्ट्रोमीटर हवा. तो नसेल तर एक साधी खूण: तांब्याच्या रंगाचा तुकडा तांब्याच्या मानाने फारच कडक लागला, तर तो बेरिलियम कॉपर असू शकतो, तपासल्याशिवाय वितळवू नका. आपल्या टूलरूममधून निघणारा चुरा आणि जुने इन्सर्ट वेगळ्या झाकणबंद डब्यात ठेवा, डब्यावर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत नाव लिहा, आणि विकताना घेणाऱ्याला तोंडानेही सांगा.